पेटंट: मालकाची परवानगी की ठरलेला मोबदला?

पेटंटधारक ‘नाही’ म्हणाला की न्यायालय मनाईहुकूम देतं, आणि किंमतही त्याच्याशी वाटाघाटी करूनच ठरते. हा मालकी हक्काचा नियम. भरपाईच्या नियमात त्याला वापर अडवता येत नाही. मोबदला मिळतो, पण किती ते अधिकारी किंवा न्यायालय ठरवतं.

हा फरक केवढा असू शकतो, हे बायर कंपनीच्या नेक्सावारने दाखवलं. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचं हे औषध, तेव्हा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये. मार्च २०१२ मध्ये पेटंट कायद्याच्या कलम ८४ खाली हैदराबादच्या नॅटको या औषध कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे बायरच्या संमतीशिवाय हे औषध बनवण्याची परवानगी, मिळाला आणि तोच खर्च ८,८८० रुपयांवर आला. बायरला विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी ठरली, अपिलात ती ७ झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये परवाना कायम ठेवला.

पण ६ की ७, हे मोजायचं कशावर? आकडा फारच कमी लागला तर संशोधनाचा खर्चही निघणार नाही. मालकी हक्कात तो आकडा दोन्ही पक्ष वाटाघाटीतून काढतात, हे त्याचं खरं बळ. चित्र किंवा कादंबरी असेल तर नकाराचा हक्क निर्मात्याकडेच राहावा, असं मला मनापासून वाटतं. औषधाच्या बाबतीत मात्र नाही. वाटाघाटी संपेपर्यंत रुग्ण थांबू शकत नाही.