भुरीला चोख, पावसाळ्यात कुचकामी: गुलाबासाठी ८० टक्के गंधक

गुलाबाच्या पानावर काहीही दिसलं की कृषी सेवा केंद्रातून हमखास हातात पडतं ते ८० टक्के गंधक. अथणीकडच्या द्राक्षबागांना भुरीसाठी हे औषध नवं नाही, आणि गुलाबाच्या भुरीवरही ते तितकंच चोख आहे. तक्रार औषधाबद्दल नाहीच. ते भलत्या रोगावर, भलत्या महिन्यात मारलं जातं, त्याबद्दल आहे.

भुरी ओळखायला सोपी. कोवळ्या पालवीवर आणि कळीच्या देठावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर येतो, पानं मुडपतात, कळी धड उमलत नाही. दिवाळीनंतर बेळगावात रात्री गार आणि दिवस कोरडे, उबदार होतात. हा तिचा हंगाम. लागणीसाठी तिला पान ओलं लागत नाही. लिटरला २ ग्रॅम गंधक घ्या, आधी वाटीभर पाण्यात कालवा, मग उरलेलं पाणी घाला. दुकानात याला ‘विद्राव्य’ म्हणतात, पण ते विरघळत नाही, नुसतं तरंगत राहतं. म्हणून पंप अधूनमधून हलवायचा, नाहीतर तळाशी साका बसून नोझल तुंबतो. पानाच्या दोन्ही बाजू भिजवा. १० ते १२ दिवसांनी पुन्हा एकदा. वळलेली जुनी पानं सरळ होणार नाहीत, गुण पाहायचा तो नव्या फुटीवर. फवारणी वाळल्यावर गंधकाचाच पांढुरका डाग राहतो. तो भुरी समजून लोक तिसऱ्या दिवशी पुन्हा मारतात, ते टाळा.

मार्च-एप्रिलच्या उन्हात मात्र हे औषध झाड भाजतं. पारा ३० अंशांच्या वर जाणार असेल तर फवारू नका. पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात. निंबोळी तेल मारलं असेल तर मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या, तेल आणि गंधक एकत्र आलं तरी तोच प्रकार होतो.

आता पावसाळा. खानापूरच्या झडीत खालच्या पानांवर काळे, झालरीसारख्या कडेचे ठिपके येतात, भोवती पान पिवळं पडतं आणि आठवड्याभरात झाड खालून उघडं होतं. हा काळ्या ठिपक्यांचा रोग. पान साधारण सात तास ओलं राहिलं की लागण होते. गंधक इथे फार तर थोडी राखण करतं, आणि तेही पुढच्या सरीत धुऊन जातं. त्यापेक्षा गळलेली पानं रोज वेचून जाळा, पाणी सकाळी आणि बुंध्याशीच द्या, कुंड्यांत हातभर अंतर ठेवा आणि उघडीप मिळाली की मँकोझेब हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम घेऊन, स्टिकर (द्रावण पानाला चिकटवून ठेवणारं) घालून फवारा.

फुलकिड्यांनी कळ्यांच्या कडा करपवल्या असतील तर गंधकाचा उपयोग नाही. लाल कोळी ही कीड मात्र गंधकाने थोडी आवरते. शेंड्याकडून काळी पडत येणारी फांदी हिरव्या भागात दोन इंच खाली छाटून कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावायची. चिकोडीकडच्या चुनखडीच्या काळ्या मातीत नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर तो रोगच नाही, लोहाची कमतरता आहे.

खरेदी करताना पाकिटावर ‘डब्ल्यूपी’ (पाण्यात मिसळणारी भुकटी) किंवा ‘डब्ल्यूडीजी’ (पाण्यात मिसळणारे दाणे) बघा. धुरळणीचं गंधक वेगळं, ते पाण्यात नीट मिसळत नाही. दाणेदार डब्ल्यूडीजी दोन पैसे महाग, पण नाकातोंडात धूळ जात नाही. घरच्या बागेला तेच बरं. आमची खरी नाराजी पाकिटाच्या आकारावर. एक किलोत ५०० लिटर द्रावण होतं, आणि दहा कुंड्यांना एका वेळी लिटर-दीड लिटर पुरतं. चार घरांत मिळून एक घ्या, पण कागदात सुटी पुडी बांधून घेऊ नका. मात्रा आणि मुदत दोन्ही कळत नाहीत, आणि ओल लागली की त्याचे खडे होतात.