लोढणं घेऊन कोकण : सात महिन्यांच्या वापरानंतर

गाडीमागे ओढायचा, आत झोपता येणारा आमचा ट्रेलर पहिल्यांदा पाहिला तेव्हा वन्संच्या तोंडून एकच शब्द निघाला, "लोढणं!" हुंदडणाऱ्या गुराच्या गळ्यात अडकवतात ना, तो ओंडका. नाव चिकटलं ते चिकटलंच. मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, हे वर्षभराने कारखान्याच्या स्टोअर्समधून. दिवाळीनंतर पुण्याहून ताम्हिणी उतरून श्रीवर्धनला गेलो आणि मेच्या मध्यापर्यंत तुकड्यातुकड्याने रेडीपर्यंत पोचलो. लोढण्यासकट साधारण ३१०० किलोमीटर झाले. आता पाऊस लागलाय, हात रिकामे आहेत, म्हणून लिहिते.

ट्रेलर छोटा आहे. ११ फूट लांब, ६ फूट रुंद, एकच अ‍ॅक्सल. आत दोघांची गादी, आणि मागचं झाकण उचललं की ओटा. रिकामा ५६० किलो, सामान भरून ७०० च्या आसपास. ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर टी-१ या सर्वांत हलक्या वर्गात बसतो, म्हणून तिथेच थांबलो. बनवून घेतला, ४ लाख ८० हजार पडले. ओढायला आमची जुनी डिझेल बोलेरो. एरवी लिटरला १४ देते, लोढण्यासकट साडेनऊ. ज्यांना अ‍ॅव्हरेजची चिंता आहे त्यांनी इथेच वाचणं थांबवावं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते खाड्यांनी. किनाऱ्याने दक्षिणेकडे जायचं म्हणजे बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी आल्याच. तिकिटाच्या खिडकीवर दर वेळी चर्चा : ही एक गाडी की दोन? त्याचं काही वाटत नाही. खरा प्रश्न उताराचा. ओहोटीला पाणी खाली जातं, धक्क्याचा उतार लांब आणि शेवाळलेला होतो, आणि जिथे तो संपून बोटीची फळी वर चढते तिथे खोबण तयार होते. गाडीची पुढची चाकं फळीवर आणि ट्रेलर जोडणारा मागचा हुक नेमका खोबणीत. दाभोळला पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला आम्ही हेच केलं. ट्रेलरच्या दांड्याचं टेकूचं चाक काँक्रीटवर असं घासलं, की बोटीवरच्या पोराने कानात बोटं घातली. चाक वाकलं. चूक सर्वस्वी आमची, त्यातही जास्त माझी, कारण भरती-ओहोटी हा माझा विषय.

त्यानंतर मात्र पंचांग गाडीत ठेवलं. तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ अंदाजे मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी नऊच्या. एकादशीला भरती सव्वाआठ. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीही खोल जाते, तेव्हा त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास ट्रेलर घेऊन फेरीवर जाऊ नये. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे सगळ्यात लहान भरती-ओहोटीला, एवढा फरक पडत नाही. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेलं हे गणित, जयगडला उतरताना पहिल्यांदा माझ्या कामी आलं. यांनी "बाई, दहापैकी दहा" म्हणून घेतलं.

दुसरी गोष्ट वजनाची. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण सात ते दहा टक्के भार हुकावर असावा, म्हणजे आमचा ५० ते ७० किलो. हे घरच्या वजनकाट्यावर वीट ठेवून दांडा टेकवून मोजतात. ओटा मागे असल्यामुळे आमचा भार मुळातच मागे झुकलेला. म्हणून पाण्याचे कॅन आणि गादीखालचं सामान पुढे सरकवून तो ५५ वर आणला होता. मग एप्रिलमध्ये देवगडला हापूसच्या सहा पेट्या घेतल्या, पाच डझनी, आणि जागा दिसली तिथे म्हणजे ओट्याच्या खाली कोंबल्या. नांदगाव तिठ्यावरून महामार्गाला लागलो. सुंदर चौपदरी रस्ता, ताशी ७५, आणि लोढणं शेपूट हलवायला लागलं. आधी बारीक, मग बोलेरोचा मागचा भागच डावी-उजवीकडे ओढला जाईल इतकं. ह्यांनी ब्रेक मारला नाही, हे आमचं नशीब. पाय उचलला, स्टीअरिंग सरळ धरलं, पन्नासच्या खाली आल्यावर ते शांत झालं. पेट्या गाडीच्या मागच्या सीटवर घेतल्या आणि तळेऱ्यापर्यंत कोणी एक अक्षर बोललं नाही. आंबा उत्तम निघाला, पण मला त्याचा वास आला की अजून पोटात गोळा येतो.

रिव्हर्स हा वेगळा अध्याय. ट्रेलरचं ढुंगण डावीकडे न्यायचं तर स्टीअरिंग उजवीकडे. कळतं, पण केळशीच्या एका आळीत, दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे आणि समोरून एसटी, तेव्हा कळलेलं वळत नाही. शेवटी हुक सोडला आणि वाडीतल्या सहा जणांनी लोढणं हाताने ढकलून बाजूच्या खळ्यात घातलं. एका आजोबांनी विचारलं, "आत आणलात कशाला?" उत्तर नव्हतं. तेव्हापासून नियम : आधी मी चालत आत जाऊन बघून येते, मग गाडी.

म्हणूनच माझं स्पष्ट मत : रोज मुक्काम हलवणार असाल तर कोकणात ट्रेलर घेऊ नका. हॉटेलं पुष्कळ आहेत. आम्ही सात महिन्यांत नऊच मुक्काम केले, काही ठिकाणी अठरा-वीस दिवस. एखाद्या घरगुती निवासाच्या अंगणात लोढणं लावायचं, दिवसाचे ठरलेले पैसे द्यायचे, आणि बोलेरो मोकळी करून हिंडायचं. वेळणेश्वरला यजमानीणबाईंनी तिसऱ्या दिवशी वालाची उसळ पाठवली आणि आठव्या दिवशी त्यांच्या सुनेचं गाऱ्हाणं. पर्यटक म्हणून हे नशिबात नसतं. कुणकेश्वरच्या यात्रेत आम्ही मागचं झाकण उघडून चहा करत होतो, तर रांगच लागली. "काकी, भजी असत काय?" नाही म्हटल्यावर लोक रागावून जात होते. यांनी गंभीरपणे कांदे आणायची तयारी दाखवली.

जागा निवडताना नारळाखाली कधी नाही. नारळ सोडा, वाळलेली झावळीसुद्धा छपराचा वाऱ्याचा झरोका फोडते, आमचा फोडला. पण उघड्यावर ऊन, आणि सावलीत सोलर निम्म्यावर. १०० वॉटची दोन पॅनेल, १०० अ‍ॅम्पिअर-तासांची लिथियम बॅटरी, त्यावर ४५ लिटरचा फ्रिज, दोन पंखे आणि दिवे डिसेंबर-जानेवारीत आरामात चालले. एसी बसवला नाही, आणि मार्चच्या शेवटी त्याचा पश्चात्ताप झाला. पण बहुतेक अंगणांत सहा अ‍ॅम्पिअरचा प्लग मिळतो. एसीला लागणारा पंधराचा बाथरूममधल्या गीझरला असतो. तेव्हा नसलेलाच बरा.

खारं वारं सगळ्याची परीक्षा घेतं. "स्टेनलेस" म्हणून लावलेल्या बिजागऱ्या दोन महिन्यांत तांबूस झाल्या. त्या २०२ प्रतीच्या निघाल्या. लोहचुंबकाने कळत नाही, २०२ आणि ३०४ दोन्हींना सहसा चिकटत नाही. बिलावर प्रत लिहून घ्या, आणि समुद्राजवळ ३१६ परवडलं तर तेच. प्लाय आयएस ७१० चाच, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय घ्या. आमच्या बनवणाऱ्याने ओट्याला साधा वापरला, तो कडेने फुगलाय. गादीखाली बुरशी आली म्हणून अखंड फळीऐवजी फटी असलेल्या पट्ट्या ठोकल्या, तो प्रश्न मिटला. प्रत्येक थांब्यावर चाकाच्या हबला हात लावून बघा. जैतापूरला डावा चटका देत होता, ग्रीस संपलं होतं. बेअरिंगचा एक जोड सोबत ठेवा. आणि संडासाची पेटी यजमानांना विचारूनच रिकामी करा. हे काम कोणाचं, हे लग्नाच्या ३६ व्या वर्षी पुन्हा एकदा ठरवावं लागलं.

सध्या लोढणं भावाच्या शेतावर, अ‍ॅक्सलखाली ठोकळे देऊन ताडपत्रीत आहे. सोसायटीत जागा मिळाली नाही. नंबरप्लेट आहे पण इंजिन नाही, तेव्हा हे वाहन की बांधकाम, यावर कमिटीची दुसरी सभा येत्या रविवारी आहे.