पलंगाशेजारची पिस्तूलपेटी : कोणासाठी उपयोगी, कोणासाठी नाही

अमेरिकेत परवानाधारक विक्रेत्याने पिस्तुलासोबत कुलूप दिलेच पाहिजे, असे २००५ चा केंद्रीय कायदा सांगतो. बहुतेक वेळा हातात पडते ती पिस्तुलातून ओवायची, टोकाला कुलूप असलेली पोलादी तार. ती मुलांना अडवते. परंतु रात्री कोणी दार फोडू लागल्यावर किल्ली शोधून, तार काढून, गोळ्या भरायला सवड मिळत नाही. म्हणून स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगणारे अनेकजण भरलेले पिस्तूल खणात तसेच ठेवतात आणि लहान मुलांच्या हातून होणाऱ्या अपघातांना तिथेच वाट मिळते.

ही अडचण दूर करण्यासाठी घेतलेली पोलादी पेटी मी सध्या वापरत आहे. तिच्यावर पाच बटणे असून ती ठरलेल्या क्रमाने दाबली की झाकण उघडते. कुलूप पूर्णपणे यांत्रिक असल्याने बॅटरी संपण्याची भीती नाही आणि थोड्या सरावानंतर अंधारातही काही सेकंदांत पिस्तूल हाती येते. बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या पेट्या अधिक आकर्षक दिसतात, मात्र ओल्या किंवा घामेजल्या बोटाला त्या दाद देतीलच असे नाही. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने ठशावर चालणाऱ्या सुमारे ६१,००० पेट्या परत मागवल्या, कारण त्या परक्या बोटानेही उघडू शकत होत्या. ज्या कुलपाचा सारा भरवसा ओळख पटण्यावर आहे, त्याच्या बाबतीत ही चूक मला अक्षम्य वाटते.

बंदुकीच्या वादात २००८ च्या हेलर निकालाचा दाखला हमखास दिला जातो. घरातील बंदूक सुटी करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवण्याची राजधानी वॉशिंग्टनमधील सक्ती सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण तिच्यामुळे स्वसंरक्षण अशक्य होत होते. अपघात टाळण्यासाठी शस्त्रे कशी ठेवावीत याचे नियम मात्र आपल्या विवेचनामुळे अवैध ठरत नाहीत, असेही न्यायालयाने त्याच निकालात नमूद केले. हा भाग फारसा कोणी सांगत नाही. अशा पेट्या सहज मिळत असताना, कुलूप लावायला सांगणे म्हणजे हक्क काढून घेणे, हा युक्तिवाद मला मान्य होत नाही.

पेटी हलकी असल्यामुळे पलंगाच्या चौकटीला किंवा जमिनीला स्क्रूने पक्की केली नाही, तर चोर ती पिस्तुलासकट उचलून नेईल.

तिची खरी मर्यादा वेगळीच आहे आणि माहितीपत्रकात तिचा उल्लेखही नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीमुळे ४८,८३० मृत्यू झाले आणि त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. पेटी मुलांना आणि पाहुण्यांना अडवते. बटणांचा क्रम ज्याला पाठ आहे, त्या मालकाला ती क्षणभरही थांबवत नाही. आत्महत्येची उबळ पुष्कळदा थोडाच वेळ टिकते, पण बंदूक हाती असेल तर त्यातून वाचणारे फार थोडे. त्यामुळे लहान मुले असलेल्या आणि पिस्तूल ठेवायचेच असे ठरवलेल्या कुटुंबाने ही पेटी जरूर घ्यावी. घरात कोणी खोल नैराश्यातून जात असेल, तर मात्र पेटीवर विसंबू नये. तो काळ सरेपर्यंत पिस्तूल कायद्याने परवानगी असलेल्या ठिकाणी, घराबाहेर ठेवावे.