विस्कटलेल्या बालपणानंतरची दहावी: एनआयओएस कितपत कामाची?

घरातली मारझोड, दारू, आईवडिलांचं जाणं, नाहीतर दर हंगामातलं स्थलांतर. अशा कारणांनी ज्यांची शाळा सुटली, त्यांना पुन्हा शिक्षणात आणण्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची दहावी हा आमच्या मते सगळ्यात माणुसकीचा रस्ता आहे. १९८९ पासून चालणारी ही केंद्र सरकारची स्वायत्त संस्था. मराठी माध्यमही आहे.

पहिला अडसर कागदांचा असतो. राज्य मंडळाच्या सतरा नंबर फॉर्मला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्याच्या अर्जाला, शाळा सोडल्याचा दाखला लागतो, नाहीतर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. घरातून पळालेल्या मुलाला दाखल्यासाठी त्याच गावात परत पाठवणं म्हणजे काय, हे अशा मुलांबरोबर काम करणाऱ्यांना सांगायला नको. एनआयओएसमध्ये वयाची १४ वर्षं पूर्ण असल्याचा पुरावा आणि ओळखपत्र लागतं. आठवी पासचा कागद नसेल, तर दहावी झेपेल इतकं शिकलो आहे असं स्वयंघोषणापत्र चालतं. वयाला वरची मर्यादा नाही.

खरी ताकद परीक्षेच्या रचनेत आहे. किमान ५ विषय, त्यात एक तरी भाषा. नोंदणी ५ वर्षं टिकते, त्या काळात परीक्षेच्या ९ संधी, वर्षातून दोनदा. पास झालेला विषय जमा राहतो. ज्या मुलाला लहानपणापासून 'तुला काही येत नाही' एवढंच ऐकवलं गेलं, त्याच्या हातात एका विषयाचे का होईना, पास झाल्याचे गुण येतात, आणि पुढचं पुस्तक उघडायला ते पुरतं. म्हणून पहिल्याच खेपेला पाचही विषय देऊ नका. मराठी आणि चित्रकला किंवा गृहविज्ञान, एवढेच घ्या. पाचही घेतले की तीन राहतात, आणि मूल म्हणतं, बघा, मी म्हणालोच होतो.

गणित सक्तीचं नाही. ही सोय मोठी, पण जपून वापरायची. पुढे पॉलिटेक्निक किंवा आयटीआयच्या तांत्रिक ट्रेडकडे जायचं असेल, तर गणित-विज्ञान नसल्याने बरीच दारं बंद होऊ शकतात. मुलाला काय करायचंय ते आधी विचारा, विषय मग भरा.

आता उणिवा. रोज हाक मारणारं इथे कुणी नाही. संपर्क वर्ग, म्हणजे अभ्यासकेंद्रावर मधूनमधून भरणारे तास, असतात, पण त्यांचा दर्जा केंद्रागणिक बदलतो. पुस्तकं जाडजूड, झोप उडालेलं, सतत दचकणारं मूल ती एकट्याने वाचेल ही अपेक्षाच चुकीची. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, शेजारी एक मोठं माणूस बसवून २०-२५ मिनिटं, असं सुरू केलं तर जमतं. स्वाध्यायांना २० टक्के गुण आहेत. मुदत चुकली की ते गेलेच.

सगळ्यात जास्त घोळ दोन गोष्टींत होतात. प्रवेश फी भरली म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला असं धरून चालतात. परीक्षा फी वेगळी, विषयवार, वेगळ्या तारखांना भरावी लागते. दुसरं, फॉर्मवर बालगृहातल्या कर्मचाऱ्याचा किंवा एजंटचा मोबाइल नंबर टाकतात. मूल १८ वर्षांचं होऊन बाहेर पडतं, कर्मचारी बदलतो, ओटीपी भलत्याच फोनवर जातो आणि हॉलतिकीट हाती येत नाही. नंबर आणि ईमेल मुलाचाच असू द्या, पासवर्ड त्याच्या वहीत लिहून द्या. नावाचं स्पेलिंग ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर ताडून बघा, नंतरची दुरुस्ती वेळखाऊ असते.

'गॅरंटी पास' म्हणणाऱ्या क्लासच्या वाटेला जाऊ नका. प्रवेश अधिकृत संकेतस्थळावरून घरबसल्या होतो, मध्यस्थाची गरजच नाही.