खाऱ्या टाकीत गोडं पाणी: ठिबक की फ्लोट सेन्सर?

समुद्री मासे-प्रवाळांच्या खाऱ्या टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती आरओ-डीआयच्या, म्हणजे क्षार काढून टाकलेल्या पाण्याचीच, आणि सावकाश. क्षारता लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास टिकायला हवी.

सलाइनसारखी ठिबक स्वस्तात होते: वर बादली, हवेच्या पंपाची बारीक नळी (एअरलाइन), तिला सैल गाठ. प्रवाळांसाठी चुन्याची निवळी द्यायची तर मला हीच पटते. निवळीचा पीएच १२ च्या वर. एकदम ओतली तर टाकीची वाट लागते. पण ठिबकेला टाकीतली पातळी कळत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात हवा दमट, पाणी कमी उडतं, थेंब मात्र तेवढेच पडतात. रोज खूण बघून गाठ आवळणं-सोडणं आलं. कंटाळा येतोच.

फ्लोट सेन्सर (तरंगून पातळी ओळखणारा) आणि छोटा पंप उडालं तेवढंच भरतो. घर चार दिवस बंद राहणार असेल तर हाच घ्या. सेन्सर संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेली खालची टाकी) रिटर्न पंपाच्या, म्हणजे पाणी परत वर पाठवणाऱ्या पंपाच्या कप्प्यात लावा, पातळी तिथेच खाली जाते. फ्लोटवर मीठ साचतं, एखादी गोगलगायही तिथे जाऊन बसते, मग पंप थांबतच नाही. त्यामुळे भरणीच्या डब्यात संपमध्ये मावेल एवढंच पाणी ठेवा. डबा उंचावर असेल तर पंप बंद झाल्यावरही सायफनने पाणी येत राहतं.