मास्टर्सचा प्लेऑफ की ओपनचा? जागरण कशासाठी करायचं

गोल्फच्या मोठ्या स्पर्धेत ७२ होल खेळूनही बरोबरी झाली, की विजेता ठरवायला प्लेऑफ, म्हणजे जादा होल खेळतात. त्याचा न्याय स्पर्धेगणिक बदलतो.

अमेरिकेतल्या मास्टर्समध्ये सडन डेथ. पुन्हा १८व्या होलवर जायचं, ज्याचे फटके कमी तो जिंकला. तिथंही बरोबरी झाली, तर १०वा होल. एप्रिल २०२५मध्ये रोरी मॅकिलरॉयनं शेवटच्या होलवर चेंडू जवळून आत ढकलायचा छोटासा फटका (पट) हुकवला आणि जस्टिन रोझशी बरोबरी होऊ दिली. मग प्लेऑफच्या पहिल्याच होलवर बर्डी (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी), आणि करिअर ग्रँड स्लॅम, म्हणजे चारही मेजर (सर्वांत मोठ्या स्पर्धा) जिंकणं पूर्ण! दहा वर्षांहून जुना मेजरचा दुष्काळ काही मिनिटांत संपला. क्रिकेटमधली सुपर ओव्हरसुद्धा याच्यापुढे निवांत वाटते.

ओपनमध्ये (ब्रिटिश ओपन) ठरावीक होलच्या फटक्यांची बेरीज करतात. पूर्वी चार होल होते, २०१९पासून तीन. एखादा फटका फसला तरी सावरायला वाव राहतो. मात्र लांबण जुन्या हाडांना झेपत नाही. २००९मध्ये टर्नबेरीला ५९ वर्षांचा टॉम वॉटसन चार होलांत पार थकला आणि स्टुअर्ट सिंक सहा फटक्यांनी जिंकला. तेव्हा हळहळले नाहीत असे प्रेक्षक विरळाच.

नागपुरात बसून बघायचं तर ओपन सोयीची, रविवारी रात्री अकराच्या आसपास आटोपते. मास्टर्सला सोमवारची पहाट उजाडायला येते. न्याय ओपनचा चांगला, हे कबूल. पण एप्रिलच्या उकाड्यात कूलरसमोर झोप तशीही कच्चीच असते भाऊ, त्यामुळे आपलं जागरण मास्टर्ससाठी. निकाल लागेपर्यंत तर्री-पोह्याचे ठेलेही लागायला येतात.