डबल मेजरसाठी डिग्री ऑडिटचा ‘व्हॉट-इफ’ अहवाल : मोजणी चोख, क्रम गायब

डिग्री ऑडिट म्हणजे पदवीच्या अटींपैकी काय पूर्ण झालं आणि काय उरलं याचा हिशोब; ‘व्हॉट-इफ’ अहवाल तोच हिशोब ‘आणखी एक मुख्य विषय (मेजर) घेतला तर’ असं धरून दाखवतो. विद्यापीठाच्या पोर्टलवर ही सोय असेल, तर दुसरं मेजर जाहीर करण्याआधी ती वापराच. विषय निवडला की झालेले, चालू आणि उरलेले कोर्स वेगवेगळे दिसतात.

क्रेडिटची बेरीज अहवाल उत्तम करतो. समजा, पदवी १२० क्रेडिटची आहे, दोन्ही मेजर ४०-४० आणि सर्वांना सक्तीचे कोर्सही ४०. कागदावर सगळं बसतं, पण इलेक्टिव्हला (आवडीने निवडायच्या कोर्सना) जागा शून्य. एक कोर्स राहिला की शेवटच्या सेमिस्टरवर बोजा पडतो.

खरी उणीव क्रमाची. कोर्सची साखळी, म्हणजे कोणत्या कोर्सआधी कोणता पूर्ण झालेला हवा हे, अहवाल मांडून दाखवत नाही. एकापाठोपाठ एक असे पाच कोर्स उरले असतील आणि हातात चारच सेमिस्टर असतील, तर क्रेडिट पुरेसे असूनही पदवी लांबते. त्यात एखादा कोर्स वर्षातून एकदाच असेल, तर तो हुकल्यावर पूर्ण वर्ष जातं. म्हणून अहवाल छापून घ्या आणि प्रत्येक उरलेला कोर्स सेमिस्टरवार कागदावर मांडा. दोन्ही विषयांचे अंतिम प्रकल्प एकाच सेमिस्टरमध्ये येतात का, तेही बघा.

दुसरी अडचण सामायिक कोर्सची. एकच कोर्स दोन्हीकडे धरण्यावर अनेक विभाग मर्यादा घालतात. तो नियम सॉफ्टवेअरमध्ये भरलेला नसेल, तर अहवाल खोटा दिलासा देतो. दोन्ही विभागांच्या सल्लागारांकडून हे लेखी घ्या, ईमेल पुरेसा आहे.

गणित-भौतिकशास्त्रासारख्या जोडीत बरेच कोर्स सामायिक निघतात, तिथे हा अहवाल फार उपयोगी. रसायनशास्त्र आणि संगीत अशा जोडीत मात्र आधी मायनरचा (कमी क्रेडिटच्या दुय्यम विषयाचा) पर्याय चालवून बघावा.